दोन रांगांची एक रांग

फर्लो हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत बहुधा तुरुंगाच्या बातमीत येतो. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगणारा कैदी नियमाप्रमाणे काही दिवस फर्लोवर घरी जातो आणि मुदत संपली की परत दरवाजाशी येऊन उभा राहतो. त्यासाठी आपल्याकडे १९५९ सालचे नियम आहेत. हाच शब्द अमेरिकेतले वैमानिक स्वतःबद्दल वापरतात हे समजलं तेव्हा मला आधी गंमत वाटली. तिथे धंदा बसला की विमान कंपनी काही वैमानिकांना फर्लोवर पाठवते. पगार बंद होतो, पण नाव यादीतून काढत नाहीत. दिवस सुधारले की त्याच यादीच्या क्रमाने बोलावणं येतं. घरी पाठवताना सर्वांत नवा आधी जातो आणि परत बोलावताना जुना आधी येतो. कैद्याला परत जायचं नसतं आणि वैमानिकाला जायचं असतं, एवढाच काय तो फरक.

ही जी यादी, तिला आपल्या सरकारी मराठीत ‘सेवाज्येष्ठता यादी’ म्हणतात. नोकरी केलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. पण वैमानिकाच्या आयुष्यात तिचं जे वजन आहे ते कारकुनाच्या किंवा मास्तरांच्या आयुष्यात नसतं. को-पायलटचा कमांडर कधी होणार, म्हणजे खांद्यावरच्या तीन पट्ट्यांच्या चार पट्ट्या कधी होणार, हे तिच्यावर ठरतं. लहान विमान चालवायचं की मोठं, नागपूरला जायचं की न्यूयॉर्कला, राहायला मुंबई मिळणार की दुसरं एखादं शहर, दिवाळीला किंवा ईदला घरी असणार की नाही, हे सगळं त्या एका क्रमांकाशी बांधलेलं. बँकेतला अधिकारी दुसऱ्या बँकेत गेला तर हुद्दा सोबत नेऊ शकतो. वैमानिकाने कंपनी बदलली तर उड्डाणाचे हजारो तास त्याच्या वहीत राहतात, अनुभवी असेल तर कमांडरची खुर्चीही मिळते, पण यादीत तो तळाशी जाऊन बसतो.

एक कंपनी आहे तोवर काही अडत नाही. डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत आपण उभे राहतो तेव्हा पुढचा पुढे, मागचा मागे, इतका साधा हिशेब असतो. समजा, शेजारची दुसरी रांगही याच रिक्षांवर सोडायची असं कोणीतरी ठरवलं. आता दोन्ही रांगांतले पहिले दोघे आमनेसामने येतात. एक म्हणतो, मी अर्धा तास उभा आहे. दुसरा म्हणतो, मी दहाच मिनिटं उभा आहे, पण आमची रांग लवकर सरकत होती, तुमच्यात आलो नसतो तर आत्तापर्यंत घरी पोचलो असतो. दोघांचंही म्हणणं खरं आहे.

माझ्या स्वतःच्या धंद्यातही ही पंचाईत आहे. मुशायऱ्यात नवखा कवी आधी वाचतो आणि ज्येष्ठ शेवटी. एकाच गावचे कवी असले की सूत्रसंचालकाला, ज्याला नाझिम म्हणतात, क्रम लावायला त्रास होत नाही. कल्याणचे आणि भिवंडीचे कवी एका मंचावर आले की मात्र त्याच्या हातातला कागद थरथरायला लागतो. वय धरायचं, पहिल्या संग्रहाचं साल धरायचं, की मंचावर पहिल्यांदा कधी वाचलं ते धरायचं? यावरून झालेले रुसवे मी पाहिले आहेत. पण तिथे फार तर चहा थंड होतो. पगार कोणाचा बुडत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न मुळीच नवा नाही. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे जन्मली ती जीआयपी, निजाम स्टेट, सिंदिया आणि धोलपूर या रेल्वे एकत्र करून. कल्याणच्या यार्डातला जीआयपीचा माणूस आणि मनमाड-औरंगाबाद मार्गावरचा निजाम रेल्वेचा माणूस एका मुख्यालयाखाली आले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. हैदराबादेतून मराठवाडा आला, मध्य प्रदेशातून विदर्भ आला, वर सौराष्ट्र आणि कच्छ. प्रत्येक प्रांताचे मामलेदार, मास्तर, अभियंते, विक्रीकर अधिकारी आपापली यादी घेऊन आले. त्या वेळच्या शहाण्या माणसांनी निदान एक गोष्ट बरी केली. राज्यं जुळण्याच्या आधीच, मे १९५६ मध्ये, मुख्य सचिवांच्या बैठकीत तत्त्वं ठरली. दोन पदं सारखी मानायची तर कामाचं स्वरूप, जबाबदारी, भरतीसाठी लागणारी पात्रता आणि पगार या चार गोष्टी पाहायच्या, आणि तोही याच क्रमाने, म्हणजे पगार शेवटी. एवढं करूनही भांडणं मिटली नाहीतच. विक्रीकर खात्यातल्या अशाच अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेचा वाद १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता. ज्या राज्यासाठी याद्या जोडल्या ते राज्य १९६० मध्येच दुभंगून महाराष्ट्र आणि गुजरात झाले होते. यादी मात्र राज्याहून चिवट निघाली.

आपल्या दाराशीही हे घडलं. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी झाली ती नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून. नंतर २७ गावं बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. त्या गावांतल्या ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न पुढे किती वर्षं गाजत राहिला, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको.

आता विमानांकडे येऊ. १९५३ मध्ये सरकारने हवाई वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण केलं. देशांतर्गत विमानं चालवणाऱ्या आठ कंपन्या १ ऑगस्ट १९५३ पासून ‘इंडियन एअरलाइन्स’ या एका महामंडळात गेल्या. त्यांत टाटांची एअर इंडिया होती, हैदराबादची डेक्कन एअरवेज होती, बिजू पटनाईकांची कलिंग होती, भारत, हिमालयन अशी आज विसरलेली नावंही होती. मिळून ९९ विमानं, त्यांतली बहुसंख्य महायुद्धातून उरलेल्या डकोटा जातीची. कायद्याने बहुतेक नोकरांना जुन्या अटींवर नव्या महामंडळात घेतलं. परदेशी जाणारी एअर इंडिया इंटरनॅशनल मात्र स्वतंत्र महामंडळ म्हणून राहिली. एका सरकारच्या दोन विमान कंपन्या झाल्या, आणि त्या तशा ५४ वर्षं राहिल्या.

५४ वर्षं म्हणजे दोन पिढ्या. या काळात दोघींची घराणी वेगळी झाली. एअर इंडियाचं मुख्यालय नरिमन पॉइंटला, इंडियन एअरलाइन्सचा कारभार दिल्लीहून. एकीकडे बोइंगची लांब पल्ल्याची विमानं, दुसरीकडे एअरबसची मध्यम पल्ल्याची. वैमानिकांच्या संघटनाही दोन. एअर इंडियाची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. पगाराचं सूत्र, भत्त्यांचा हिशेब, बढतीचा वेग, सगळं निराळं. मोठ्या विमानांच्या कंपनीत खुर्च्या कमी, त्यामुळे को-पायलटला कमांडर होण्यासाठी जास्त वर्षं थांबावं लागायचं. दुसरीकडे विमानं जास्त, खेपा जास्त, रांग लवकर सरकायची.

आणि मग २००७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की या दोघी एक व्हाव्यात. प्रफुल्ल पटेल त्या वेळी हवाई वाहतूक मंत्री होते. ३० मार्च २००७ रोजी ‘नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया’ अशी नवी कंपनी नोंदवली गेली आणि २७ ऑगस्टला दोन्ही जुन्या कंपन्या तिच्यात विरघळल्या. कारणं कागदावर पटण्यासारखी होती. खासगी कंपन्यांनी बाजार खाल्ला होता, दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून १११ नव्या विमानांची मागणी नोंदवून ठेवली होती आणि तिचं कर्ज फेडायचं होतं. विलीनीकरणाचा विचार करायचाच होता तर तो या खरेदीच्या आधी व्हायला हवा होता, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये दिला.

या विलीनीकरणात काय काय एक झालं? नाव झालं, संचालक मंडळ झालं, विमानांवरचा रंग झाला. उड्डाण क्रमांकापुढची दोन अक्षरं, ‘एआय’ आणि ‘आयसी’, एक व्हायला २०११ चा फेब्रुवारी उजाडला. वैमानिकांची यादी मात्र दोनच राहिली आणि पगाराची सूत्रंही दोनच राहिली. १९५६ च्या मुख्य सचिवांनी जे आधी केलं ते इथे आधी तर झालंच नाही, चार वर्षं नंतरही झालं नाही.

त्याचा पहिला स्फोट एप्रिल २०११ मध्ये झाला. जुन्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. त्यांचं म्हणणं होतं, कंपनी एक, गणवेश एक, मग पगार दोन का? दिल्ली उच्च न्यायालयाने संप मागे घ्यायला सांगितलं, व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, काहींना बडतर्फ केलं. दहा दिवसांनी, ६ मे रोजी, तडजोड होऊन संप मिटला आणि काढलेले परत घेतले गेले. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीकडे पगार, दर्जा आणि ज्येष्ठता यांची सांगड घालायचं काम आलं. समितीचा अहवाल जानेवारी २०१२ अखेर आला. म्हणजे लग्नाला साडेचार वर्षं झाल्यावर कोणीतरी विचारलं, घरात थोरलं कोण?

दुसरा स्फोट उलट बाजूने झाला, आणि तो मला जास्त बोलका वाटतो. बोइंगचं ‘ड्रीमलायनर’ हे नवं विमान यायचं होतं. त्याची मागणी विलीनीकरणाच्या आधी जुन्या एअर इंडियाने नोंदवली होती. व्यवस्थापन म्हणालं, प्रशिक्षणाला दोन्हीकडचे वैमानिक पाठवू. गिल्डचे वैमानिक म्हणाले, हे विमान आमच्यासाठी घेतलं, आम्ही याच्या भरवशावर को-पायलटच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसलो, आता पलीकडच्या रांगेतला आमच्याआधी त्यात चढणार? मे २०१२ मध्ये ते एकापाठोपाठ एक ‘आजारी’ पडले. आजार ५८ दिवस टिकला. अमेरिकेची, युरोपची उड्डाणं रद्द होत राहिली, शंभराहून अधिक वैमानिक बडतर्फ झाले. जुलैच्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीने ते कामावर यायला तयार झाले आणि पुढे टप्प्याटप्प्याने परत घेतले गेले. पहिलं ड्रीमलायनर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारतात उतरलं.

त्या दिवसांत लोकलच्या डब्यात आणि वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात एकच सूर होता. लाखांनी पगार घेणाऱ्यांना संप कसला सुचतो? हा राग समजण्यासारखा होता. कसाऱ्याहून पहाटे निघणाऱ्या माणसाला वैमानिकाचं दुःख कसं कळावं? पण माझ्या मते राग चुकीच्या पत्त्यावर जात होता. दोन्ही बाजूंनी आपापली तारीख दाखवली आणि दोन्ही तारखा खऱ्या होत्या. एकाने जास्त वर्षं वाट पाहिली होती. दुसऱ्याने कमी वर्षांत जास्त मिळवलं होतं आणि ते सोडायला त्याला काही कारण नव्हतं. दोन्ही खरं धरून नियम बांधण्याचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते २००७ मध्ये पुढे ढकललं.

जगात इतरत्र सगळं सुरळीत होतं असं समजू नका. अमेरिकन एअरलाइन्सने २००१ च्या एप्रिलमध्ये टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी घेतली. टीडब्ल्यूएच्या बऱ्याच वैमानिकांची यादी आपल्या यादीच्या शेवटी जोडली, कागदाला कागद टाचावा तशी. पाचच महिन्यांत ११ सप्टेंबर झाला, फर्लो सुरू झाले आणि शेवटी टाचलेले आधी घरी गेले. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या, तेव्हा लवादाने फर्लोवर असलेल्यांना खाली ठेवलं. १७ वर्षं झालेला पण त्या क्षणी घरी बसलेला वैमानिक, काही महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराच्या खाली गेला. लवादाचं म्हणणं, जो विलीनीकरणाला नोकरीच आणत नाही त्याला वर कसं धरू? चिडलेल्यांनी जुनी संघटना सोडून नवी काढली आणि तो वाद जवळपास दहा वर्षं चालला. पण टीडब्ल्यूएचा धडा घेऊन तिथल्या संसदेने कायदा केला की विमान कंपन्या एक झाल्या तर याद्या न्याय्य रीतीने जोडायच्या, आणि पटलं नाही तर लवादाकडे जायचं. तो कायदा झाला डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे आपलं विलीनीकरण झालं त्याच वर्षी. आपल्याकडे वैमानिकांच्या याद्या जोडण्यासाठी असा वेगळा कायदा नाही.

आपल्याकडे जुना आधार आहे तो कामगार कायद्याचा. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये, योगायोगाने राष्ट्रीयीकरणाच्याच वर्षी, दोन तत्त्वं घातली गेली. कामगार कमी करायचे तर सर्वांत शेवटी लागलेला आधी कमी करायचा. आणि पुन्हा भरती करायची तर कमी केलेल्यांना आधी विचारायचं. अमेरिकन वैमानिकाच्या फर्लोत जे आहे ते तत्त्वाने आपल्याकडेही होतं. प्रत्यक्षात काय होतं?

ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने एका फटक्यात ८०० जणांना कमी केलं आणि एकूण १९०० जण जाणार असं जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी या कंपनीने १४५० कोटींना सहारा विकत घेतली होती आणि तो घास जड गेला होता. गणवेशातली मुलंमुली रस्त्यावर रडताना दूरचित्रवाणीवर दिसली, राज ठाकरेंनी त्यांची बाजू घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी रात्री अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत बोलावलं. ‘रिकॉल’ इतका जलद जगात क्वचितच झाला असेल. त्यात यादीचा किंवा कायद्याचा हात नव्हता. पुढे १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे जेटचं शेवटचं ठरलं. त्या वेळी परत बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. २० हजारांच्या आसपास माणसं, त्यांत आपल्या ठाणे-डोंबिवलीतून पहाटेच्या लोकलने विमानतळ गाठणारीही होती. कंपनी मेली की ज्येष्ठता यादीही मरते. काही जण दुसऱ्या कंपन्यांत गेले आणि तिथल्या यादीत शेवटून पहिले झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या मालमत्तेची विक्री करून देणी भागवायचा आदेश दिला.

करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, एअर इंडियाने जुलैत विनावेतन रजेची योजना आणली. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तीची रजा, ती पाच वर्षांपर्यंत वाढवता येईल. फर्लोच तो, फक्त आपल्याकडे त्याला रजा म्हटलं. ऑगस्टमध्ये चाळीसहून अधिक वैमानिकांना घरी पाठवलं. त्यांनी त्यापूर्वी राजीनामे दिले होते आणि मग मागेही घेतले होते. कंपनीने ते जुने राजीनामे एका रात्रीत स्वीकारले. वैमानिक न्यायालयात गेले. १ जून २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना मागच्या पगारासह परत घेण्याचा आदेश दिला.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, आणि विलीनीकरणाचा खेळ नव्याने मांडला गेला. टाटांची स्वतःची विस्तारा कंपनी होती, १२ नोव्हेंबर २०२४ पासून तीही एअर इंडियात गेली. त्याआधी एप्रिलमध्ये विस्ताराची रोज पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली होती. नव्या करारात ७० तासांऐवजी ४० तासांचाच पगार नक्की, असं आल्याने वैमानिक नाराज होते आणि एअर इंडियाच्या यादीत आपण कुठे बसणार ही धास्ती होतीच. शिवाय विस्तारात निवृत्ती ६० व्या वर्षी, एअर इंडियात ५८ व्या. या वेळी पगार आणि नियम निदान विलीनीकरणाच्या दिवसाआधी मांडले गेले, हे २००७ पेक्षा बरं झालं असं मी म्हणेन. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६५ केलं. अनुभवी माणसं टिकावीत म्हणून केलेली ही गोष्ट आहे आणि ती चांगलीच आहे. पण पुढची खुर्ची ५८ व्या वर्षी रिकामी होईल असं धरून जो को-पायलट मागे बसला होता, त्याला घराच्या हप्त्यांपासून पोरांच्या शाळेपर्यंतचा सगळा हिशेब सात वर्षं पुढे सरकवून पुन्हा मांडावा लागणार आहे.